सरकारची तिजोरी आणि मुलीची फी

जून महिना आला की आमच्या जबलपूरला दोन गोष्टींची वाट पाहिली जाते. एक पावसाची आणि दुसरी कॉलेजच्या प्रवेश यादीची. पाऊस उशिरा का होईना येतो. प्रवेश यादीत मात्र नाव आले तरी घरातली चिंता संपत नाही, कारण त्यानंतर फीची पावती येते.

गेल्या जूनमधली गोष्ट. संध्याकाळी शेजारच्या वहिनी एक वही घेऊन आमच्याकडे आल्या. त्यांच्या मुलाने बारावीनंतर इंजिनिअरिंगच्या तयारीसाठी एक वर्ष घरी काढले होते आणि मुलगी याच वर्षी बारावी झाली होती, म्हणून दोघांचे प्रवेश एकदम आले होते. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारून त्यांनी दोन रकाने केले होते. मुलाच्या रकान्यात ओळीने फी, होस्टेल, मेस, लॅपटॉप आणि जाण्यायेण्याचे भाडे असे सगळे लिहिलेले होते. मुलीच्या रकान्यात एकच ओळ होती : सरकारी कॉलेज, बी.एस्सी.

"ताई, तुम्ही साप्ताहिकात लिहिता. तुम्हाला या सरकारी योजना ठाऊक असतात. जरा बघा ना, मुलाच्या फीसाठी काही मिळतं का," त्या म्हणाल्या.

मी विचारले, "आणि हिचं?"

"हिचं काय, घराजवळचं कॉलेज आहे. फी नावालाच. तिचं होऊन जाईल."

मुलीला बारावीत भावापेक्षा जास्त गुण होते. ती दारातच उभी होती, पण काही बोलली नाही.

वहिनींना दोष द्यायला मी ही गोष्ट सांगत नाही. घरात पैसा मोजका असला की कोणालाही असे रकाने करावेच लागतात. मला त्या वहीत दुसरेच काही दिसले. सरकार जेव्हा आपल्या अंदाजपत्रकात उच्च शिक्षणाला पुढचे पान द्यायचे की मागचे हे ठरवते, तेव्हा त्याचा निकाल अखेर अशा एखाद्या वहीत उतरतो. सरकारने हात आखडला तर तो भार घरावर येतो, आणि घर तो आपल्या रिवाजाप्रमाणे वाटते.

माझ्या घरातली वही

आमच्याही घरी अशी वही होती. बाबा खमरियाच्या आयुध निर्माणीत नोकरीला होते. २००६ मध्ये माझा मोठा भाऊ महाराष्ट्रातल्या एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात गेला. त्यासाठी बाबांनी भविष्यनिर्वाह निधीतून पैसे काढले, आईच्या दोन बांगड्या गेल्या आणि राहिलेल्या रकमेसाठी बँकेचे कर्ज झाले. दोन वर्षांनी माझी पाळी आली. मलाही बाहेर जाऊन शिकायचे होते. आई म्हणाली, "तुझं मन मोडायचं नाही गं, पण आता घरात काही उरलेलं नाही."

मी सायकलने जाण्याच्या अंतरावरच्या सरकारी कॉलेजात नाव घातले. वर्षाची फी भावाच्या एका महिन्याच्या मेसच्या बिलापेक्षा कमी होती. काही तासांना शिक्षक येत, काहींना येत नसत. प्रयोगशाळेत एका सूक्ष्मदर्शकाभोवती आम्ही सहा-सात मुली उभ्या राहायचो. तरीही आज मी जे चार पैसे लेखणीवर मिळवते, ते त्या कॉलेजाच्या जोरावर. पत्रकारितेची पदविका मी नंतर केली, पण पदवी नसती तर तिथे कोणी दारात उभे केले नसते. ते स्वस्त कॉलेज नसते, तर माझे शिक्षण बारावीलाच थांबले असते आणि घरात कोणाला त्यात अन्याय झाला असेही वाटले नसते.

म्हणून उच्च शिक्षणावर सरकारने खर्च करावा की नाही, हा वाद ऐकला की मला ती सायकल आठवते.

फुल्यांचे दोन मुद्दे

हा वाद नवा नाही. १८८२ मध्ये इंग्रज सरकारने विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला. त्याच्यापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी लेखी निवेदन दिले. सरकारी महसूल मुख्यतः शेतकऱ्याच्या घामातून येतो; तो पैसा वरच्या वर्गांच्या मुलांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि ज्याच्या कष्टातून तो आला त्याच्या मुलांना साधी प्राथमिक शाळाही मिळत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. वरच्या थरातले लोक शिकले की विद्या आपोआप खाली झिरपेल, हा सरकारचा समज त्यांना मान्य नव्हता. किमान बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, अशी मागणी त्यांनी केली.

फुल्यांचा हा मुद्दा आजही उच्च शिक्षणाला कात्री लावणारे लोक हौसेने सांगतात. मात्र त्याच निवेदनात फुल्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती, तिचा उल्लेख क्वचितच होतो. सरकारने शाळा-महाविद्यालयांतून अंग काढून घेऊ नये, तसे झाले तर शिक्षणाचा प्रसार खुंटेल, असेही त्यांनी बजावले होते. ज्या जातीजमाती शिक्षणात मागे आहेत त्यांच्या वाट्याला शिष्यवृत्त्या याव्यात, आणि घरी अभ्यास करणाऱ्यांना बाहेरून बसून पदवीच्या परीक्षा देता याव्यात, असेही त्यांनी सुचवले होते. म्हणजे उच्च शिक्षणावरचा खर्च बंद करा असे त्यांचे म्हणणे नव्हते. तो खर्च कोणासाठी होतो, हा त्यांचा प्रश्न होता.

प्राथमिक शिक्षणाचे काम मात्र फार रेंगाळले. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणले, ते १९१२ मध्ये फेटाळले गेले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. संबंध देशात शिक्षण हा मुलाचा हक्क व्हायला १ एप्रिल २०१० उजाडावा लागला.

गरीब देशाने उभारलेले शहर

स्वातंत्र्यानंतर देश गरीब होता. प्राथमिक शाळा पुरेशा नव्हत्या, तरी सरकारने उच्च शिक्षणाकडे पाठ फिरवली नाही. त्याचा पुरावा आमच्या जबलपुरातच आहे. इथले सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज १९४७ मध्ये सुरू झाले. पुढच्या वर्षी पशुवैद्यक महाविद्यालय निघाले. १९५५ मध्ये मेडिकल कॉलेज आले, १९५६ मध्ये विद्यापीठ झाले आणि १९६४ मध्ये कृषी विद्यापीठ. सतरा वर्षांत एका मध्यम शहराला एवढे मिळाले. पुढे १९८३ मध्ये विद्यापीठाला राणी दुर्गावतीचे नाव दिले गेले.

त्याच्याही आधीची परंपरा होतीच. १८३६ मध्ये सागरला सुरू झालेली सरकारी शाळा वाढत वाढत १८७३ मध्ये जबलपूरला आली आणि तिच्यातून रॉबर्टसन कॉलेज घडले. शेजारच्या सागरला तर डॉ. हरिसिंह गौर यांनी १९४६ मध्ये आपल्या आयुष्याच्या कमाईतून विद्यापीठ उभे केले. कारकून, रेल्वेतले बाबू, निर्माणीतले कामगार अशा किती घरांतली पहिली पदवी या संस्थांतून आली! त्यात इथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली आपली मराठी घरेही आहेत.

कोठारी आयोगाने १९६६ मध्ये सांगितले की राष्ट्रीय उत्पन्नाचा सहा टक्के भाग शिक्षणावर खर्च व्हावा आणि १९८५-८६ पर्यंत हे साधावे. ते साल उलटून चार दशके होत आली. १९८६ च्या धोरणाने सहा टक्क्यांचा उच्चार केला, २०२० च्या धोरणानेही केला. केंद्र आणि राज्ये मिळूनही आपण तो आकडा गाठलेला नाही.

नव्वदच्या दशकातले वळण

नव्वदच्या दशकात वारे फिरले. उच्च शिक्षणाचा लाभ मुख्यतः शिकणाऱ्यालाच होतो, त्याला पुढे पगार मिळतो, तेव्हा त्याने खर्चाचा वाटा उचलावा आणि सरकारने आपला पैसा प्राथमिक शाळांकडे वळवावा, असा विचार जगभर बळावला. जागतिक बँकेच्या १९९४ च्या अहवालाचा सूर तोच होता. आपल्याकडे न्यायमूर्ती पुन्नय्या समितीने विद्यापीठांना सांगितले की आवर्ती खर्चातला पंधरा टक्के भाग पाच वर्षांत आणि पंचवीस टक्के भाग दहा वर्षांत स्वतः उभा करा. १९९७ मध्ये अर्थ मंत्रालयाच्या एका टिपणीत उच्च शिक्षणाची गणना अनुदानाला कमी पात्र असलेल्या सेवांत झाली.

मध्य प्रदेशात १९९६ मध्ये सरकारी कॉलेजांसाठी जनभागीदारी समित्या आल्या. स्थानिक लोकांनी कॉलेजच्या कारभारात लक्ष घालावे, ही कल्पना चांगली होती. परंतु सरकारी पैसा कमी पडला की जनभागीदारी म्हणजे विद्यार्थ्यांच्या खिशातून आलेली वेगळी फी, असा अर्थ होऊन बसतो. कायम शिक्षकांच्या रिकाम्या जागांवर 'अतिथी विद्वान' येतात. नाव भारदस्त आहे, पण पुढच्या सत्रात आपण इथे असू की नाही हे त्या विद्वानालाच माहीत नसते.

महाराष्ट्राने याच्याही आधी, १९८३ मध्ये, विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना दार उघडून दिले. जागा वाढल्या, हजारो मुले इंजिनिअर झाली, हे नाकारता येत नाही. त्याबरोबर डोनेशन हा शब्दही घरोघर पोचला आणि १९८७ मध्ये कॅपिटेशन फी रोखण्यासाठी कायदा करावा लागला.

गंमत अशी की २००० मध्ये जागतिक बँक आणि युनेस्को यांनी मिळून बसवलेल्या अभ्यास गटाने उच्च शिक्षणाची उपेक्षा विकसनशील देशांना महागात पडेल, असे सांगितले. साधी गोष्ट आहे. प्राथमिक शाळेत शिकवायला शिक्षक लागतो आणि तो कॉलेजातूनच येतो.

इतर देशांनी काय केले?

उच्च शिक्षणाचा खर्च कसा पेलायचा, याची प्रत्येक देशाने आपली वेगळी तोड काढली आहे.

जर्मनीत काही राज्यांनी २००६-०७ च्या सुमारास विद्यापीठांत फी सुरू केली होती. लोकांना ती रुचली नाही आणि २०१४ पर्यंत सगळ्या राज्यांनी ती काढून टाकली. आपल्याकडची मुले तिकडे धावतात ती उगीच नाही. पण तिथे बऱ्याच ठिकाणी मूल दहा वर्षांचे होते तेव्हाच ते विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेत जाणार की धंदेशिक्षणाकडे, याची वाट पडू लागते.

इंग्लंडमध्ये १९९८ पूर्वी तिथल्या विद्यार्थ्यांना फी नव्हती. त्या वर्षी हजार पौंड झाली, २००६ मध्ये तीन हजार, २०१२ मध्ये कमाल नऊ हजार आणि २०२५ मध्ये ९,५३५ पौंड. ती सरकारी कर्जातून भरायची आणि मिळकत ठरावीक मर्यादेच्या वर गेली की फेडायची. ऑस्ट्रेलियाने १९७४ मध्ये फी रद्द केली आणि १९८९ मध्ये अशाच पगारावर बेतलेल्या परतफेडीसह पुन्हा आणली.

श्रीलंकेने १९४५ पासून बालवाडीपासून विद्यापीठापर्यंतचे शिक्षण मोफत केले. त्या लहान देशाने साक्षरतेत आपल्याला केव्हाच मागे टाकले. मात्र सरकारी विद्यापीठांत जागा थोड्या, त्यामुळे परीक्षा उत्तीर्ण होऊनही पुष्कळ मुले बाहेरच राहतात. चिलीत फी अफाट वाढल्या, २०११ मध्ये विद्यार्थी लाखोंनी रस्त्यावर उतरले आणि २०१६ पासून कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांना मोफत उच्च शिक्षण मिळू लागले.

यावरून एक गोष्ट दिसते. फुकट की पैसे घेऊन, एवढाच प्रश्न नसतो. पैसे कोण देतो, केव्हा देतो आणि दारातून किती जणांना आत घेतात, हे तिन्ही मिळून सरकारचा कल कळतो. फी नाही पण जागाही नाहीत, तर गरिबाला लाभ कमीच. फी आहे पण नोकरी लागल्यावर द्यायची, तर गरीब मूल निदान आत तरी जाऊ शकते. सर्वांत वाईट व्यवस्था ती, जिथे पैसे आधी भरायचे आणि ते आईबापांनी भरायचे.

आपला पैसा कुठे जातो?

आपल्या केंद्र सरकारने २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात शिक्षण मंत्रालयासाठी सुमारे १ लाख २८ हजार कोटी रुपये ठेवले. त्यातले सुमारे ५० हजार कोटी उच्च शिक्षणासाठी होते, आणि त्यांतले ११ हजार कोटींच्या आसपास आयआयटी संस्थांसाठी. देशातल्या २३ आयआयटींत मिळून विद्यार्थी सुमारे १ लाख ३५ हजार. उलट देशात उच्च शिक्षण घेणाऱ्यांची संख्या २०२१-२२ मध्ये ४ कोटी ३३ लाख होती आणि त्यांत मुली २ कोटी ७ लाख. नीती आयोगाच्या २०२५ च्या अहवालाप्रमाणे सुमारे ८१ टक्के विद्यार्थी राज्यांच्या सार्वजनिक विद्यापीठांच्या छत्राखाली शिकतात. त्यांचा भार मुख्यतः राज्यांच्या तिजोरीवर असतो आणि राज्यांची तिजोरी नेहमीच ओढगस्तीला लागलेली असते.

जबलपुरात हे तिन्ही दरवाजे एकाच दिवसात पाहता येतात. डुमना रस्त्यावर केंद्राची २००५ मध्ये स्थापन झालेली माहिती तंत्रज्ञान संस्था आहे. पचपेढीला राज्याचे विद्यापीठ आणि जुनी सरकारी कॉलेजे आहेत. शहराबाहेर पडले की खासगी कॉलेजांचे फलक लागतात. देशातली दोन तृतीयांशाच्या आसपास महाविद्यालये खासगी विनाअनुदानित आहेत. आयआयटीसारख्या संस्था नकोत, असे कोणीच म्हणणार नाही. देशाला त्या हव्यातच. पण घरातल्या एका मुलासाठी तूप आणि बाकीच्यांसाठी ताक, असे वाढून आई किती दिवस म्हणणार की माझी सगळी मुले सारखीच?

कर्ज आहे, पण फेडायचे कोणी?

सरकार म्हणते, फी वाढली तरी कर्ज आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये पीएम विद्यालक्ष्मी योजना मंजूर झाली. तेव्हा निवडलेल्या ८६० संस्थांत प्रवेश मिळालेल्यांना तारण किंवा जामीनदाराशिवाय कर्ज, आणि वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या घरांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जाच्या व्याजात तीन टक्के सवलत. ज्यांची मुले त्या संस्थांत पोचली त्यांनी या योजनेचा लाभ अवश्य घ्यावा. वहिनींनाही मी हेच सांगितले. मुलाचे कॉलेज यादीत आहे का, ते आधी पाहा म्हटले. त्याखेरीज मध्य प्रदेश सरकारची २०१७ ची मेधावी विद्यार्थी योजनाही सांगितली. तीत बारावीला चांगले गुण आणि घरचे उत्पन्न मर्यादेत असेल तर फी सरकार भरते, खासगी कॉलेजांतल्या ठरावीक अभ्यासक्रमांचीसुद्धा.

मग मी म्हटले, "वहिनी, या योजनेत मुलीचंही बसेल. तिचे गुण जास्त आहेत. तिला बाहेरच्या चांगल्या कॉलेजात घालायचं असेल तर बाकी खर्चासाठी कर्ज काढता येईल."

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "ताई, मुलाचं कर्ज मुलगा फेडेल. हिचं लग्न झाल्यावर हप्ते कोण भरणार? सासरी सांगायचं काय, मुलीबरोबर कर्जही घ्या म्हणून?"

बँकेच्या अर्जावर मुलगा आणि मुलगी यांना वेगळा रकाना नसतो. घरात असतो. हे सत्य धोरण आखणारे ध्यानात घेत नाहीत. अनुदान कमी करून कर्ज वाढवले की कागदावर हिशेब जुळतो आणि घरात मुलगी मागे राहते. जिचे तेवढेही जमत नाही ती 'स्वाध्यायी' होते, म्हणजे घरी स्वयंपाकपाणी सांभाळून बाहेरून परीक्षा देते. फुल्यांनी मागितलेली ती सोय मोलाची आहे, यात शंका नाही. पण ती दार बंद झाल्यावरची खिडकी असावी. मुलींसाठी तेच दार होऊ नये.

सरकारने मनात आणले तर घरातला रकाना बदलता येतो, याचीही उदाहरणे आहेत. मध्य प्रदेशात 'गाव की बेटी' योजनेत बारावी पहिल्या वर्गात उत्तीर्ण होऊन कॉलेजात जाणाऱ्या खेड्यातल्या मुलीला महिना ५०० रुपये, वर्षाचे दहा महिने, देण्याचे ठरले. रक्कम लहान, पण तेवढ्यात बसचे भाडे निघते आणि वडिलांचे तोंड बंद होते. महाराष्ट्राने २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या मागास आणि दुर्बल घटकांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची पूर्ण फी माफ केली. अशा योजनांचा पैसा संस्थांकडे वेळेवर पोचला पाहिजे, नाहीतर मुलीलाच खिडकीपाशी उभे करून "आधी तू भर, मग परत मिळतील" असे सांगण्यात येते.

आपण काय करायचे?

वाचकहो, अंदाजपत्रक आपल्या हातात नाही, हे खरे. पण निवडणुकीला उमेदवार दारात आला की आपण रस्ता आणि नळ विचारतो. त्याच वेळी जवळच्या सरकारी कॉलेजात किती शिक्षकांच्या जागा रिकाम्या आहेत, प्रयोगशाळा चालते का, मुलींची बस किती वाजता सुटते, हेही विचारायला काय हरकत आहे? जनभागीदारी समितीत पालक म्हणून कोण बसते, याची चौकशी केली तर बिघडते कुठे? आपली मुले खासगी कॉलेजात गेली की सरकारी कॉलेजाचे काय होते याच्याशी आपला संबंध संपला, असे आपण मानतो. बोलणारी घरे अशी बाजूला झाली की तिथे उरलेल्या मुलींसाठी कोणी बोलत नाही.

आणि घरची वही? ती तर आपल्याच हातात आहे. पैसे कमी असतील तर दोन्ही मुलांना समोर बसवून हिशेब करा. मुलीला स्वस्त कॉलेजात जावे लागले तरी ते तिला विचारून ठरलेले असू द्या. "तिचं होऊन जाईल" हे वाक्य मात्र सोडून द्यावे. सरकारही तिच्याबद्दल हेच म्हणत आले आहे.

वहिनींच्या मुलीने शेवटी घराजवळच्या सरकारी कॉलेजातच प्रवेश घेतला. परवा रस्त्यात भेटली. मी विचारले, कसे चालले आहे? म्हणाली, "मावशी, कॉलेज बरं आहे. केमिस्ट्रीला मात्र अजून सर आले नाहीत."

सप्टेंबर निम्मा झाला होता.